एकटं मार्मोसेट दिवसभर शिट्टी का घालतं?

प्रश्न असा आहे: ओळखीच्या एका घरी मार्मोसेट या छोट्या ब्राझिली माकडाची तीन वर्षांची मादी एकटीच आहे. अगदी लहान असताना आणली, बाटलीच्या दुधावर वाढवली. दिवसभर बारीक, लांब शिट्टी घालते आणि अलीकडे घरातल्यांना चावायला लागली आहे. तिला जोडीला नर आणला तर ती शांत होईल का? आणि मुळात ही माकडं जंगलात राहतात कशी?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर नीट समजलं की पहिल्याचं आपोआप सापडतं, म्हणून तिथून सुरुवात करतो.

भारतात चोरट्या मार्गाने येणाऱ्या मार्मोसेटमध्ये कानाजवळ पांढरे झुपके आणि शेपटीवर पट्टे असलेली जात बरीच दिसते. तिचं शास्त्रीय नाव कॅलिथ्रिक्स जॅकस. मूळ घर ब्राझीलचा ईशान्य भाग: पेर्नाम्बुको, पाराइबा, रिओ ग्रांदे दो नॉर्ते, सेआरा ही राज्यं. तिथे समुद्राकाठी अटलांटिक जंगलाचे उरलेसुरले तुकडे आहेत आणि आत गेलं की काटेरी, निवडुंगांनी भरलेला कातिंगा नावाचा कोरडा प्रदेश. दोन्हीकडे हे माकड टिकून आहे. रानातल्या प्रौढाचं वजन साधारण 300 ते 350 ग्रॅम, शेपूट अंगापेक्षा लांब. पायाचा अंगठा सोडला तर बाकी सगळ्या बोटांना चपट्या नखांऐवजी टोकदार नख्या असतात, त्यामुळे ते खारीसारखं उभ्या खोडाला चिकटून बसू शकतं. तिथे बसून ते खालच्या पुढच्या दातांनी सालीला भोकं पाडतं, त्यातून पाझरणारा डिंक चाटतं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच भोकाकडे येतं. हे खालचे दात सुळ्यांइतकेच लांब असतात आणि त्यांच्या आतल्या बाजूला इनॅमल जवळपास नसतंच, त्यामुळे धार पटाशीसारखी राहते. डिंक पचायला जड असतो. तो आंबवण्यासाठी मोठ्या आतड्याच्या सुरुवातीला मोठी पिशवी असते. फळांचा हंगाम नसतानाही डिंक मिळतो, म्हणून काही हेक्टरांच्या छोट्या टापूतही एक कुटुंब वर्षभर राहू शकतं. एका कुटुंबात 3 ते 15 जण असतात.

यांचं सगळं सामाजिक वागणं एका हिशेबावर उभं आहे. मादीला बहुतेक वेळा जुळी होतात. एकेक पिल्लू 25 ते 35 ग्रॅमचं, म्हणजे दोघांचं मिळून वजन आईच्या वजनाच्या पाचव्या हिश्शाच्या आसपास जातं. गर्भारपण साधारण 143-144 दिवसांचं. बाळंतपणानंतर दहाएक दिवसांतच मादी पुन्हा माजावर येते आणि बहुधा गाभण राहते. म्हणजे पोटात नवी जुळी, अंगावर पिणारी जुनी जुळी, आणि जुळ्यांना पाठीवर घेऊन फांद्याफांद्यांवरून उड्या. हे एकटीला पेलणारं नाही. म्हणून पिल्लं बाप वाहतो, मोठी भावंडं वाहतात आणि आई प्रामुख्याने दूध पाजण्यापुरती त्यांना घेते. ज्याला ओझं नकोसं होतं तो अंग फांदीला घासतो, पिल्लाच्या हाताला हलकेच चावतो, पिल्लू ओरडतं आणि दुसरा कुणीतरी येऊन त्याला पाठीवर घेतो. चार-पाच आठवड्यांनी पिल्लं घट्ट खाऊ लागतात, तेव्हा मोठी माणसं (हा शब्द इथे मुद्दाम वापरतोय) आपल्या हातातला किडा त्यांना घेऊ देतात. दोन-तीन महिन्यांत दूध सुटतं. वर्षाला दोन विणी होतात आणि त्या पार पडतात त्या या मदतनिसांच्या जिवावर.

नराचं शरीर या कामासाठी तयार होतं. पिल्लं वाहणाऱ्या नरांच्या रक्तात प्रोलॅक्टिन (माद्यांमध्ये दूध तयार करायला लावणारं संप्रेरक) वाढलेलं असतं, हे 1982 साली नोंदलं गेलं. मादी गाभण असताना नराचंही वजन वाढतं, हे 2006 मध्ये अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनच्या संशोधकांनी दाखवलं. पुढच्या आठवड्यांत ओझं वाहताना ते वजन कामी येतं. त्याच गटाने 2008 मध्ये असंही दाखवलं, की स्वतःच्या लहान पिल्लाचा वास आल्यावर वीस मिनिटांत बापाचं टेस्टोस्टेरॉन हे नर-संप्रेरक खाली येतं. हे सांगण्याचं कारण असं, की 'नर फक्त पैदाशीसाठी' ही समजूत मनात ठेवून जोडी लावणारे लोक जन्माच्या वेळी नराला बाजूला काढतात. अशा वेळी आई दोन-तीन दिवसांत थकते, पिल्लांना अंगावरून झटकते आणि पिल्लं जमिनीवर सापडतात.

आता दुसरी बाजू. कुटुंबात मदतीला हात हवेत, पण विणारी मादी सहसा एकच. तिच्या मुली वयात आल्या तरी अनेकींच्या बाबतीत बीज बाहेर पडत नाही, कारण मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीतून अंडाशयाला जाणारा संकेतच कमी पडतो. वरचढ मादीचा वास, तिचं समोर असणं, तिच्याशी असलेली ओळख, या सगळ्यातून हे घडतं. आई मुलींना सतत मारते, त्या ताणाखाली जगतात म्हणून असं होतं, हा अंदाज चुकीचा आहे: दुय्यम माद्यांचं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं संप्रेरक, उलट कमी आढळलं आहे. काही मुलींचं बीज बाहेर पडतंही, पण घरात परका नर नसल्यामुळे पुढे काही होत नाही; बाप-भावांशी त्या सहसा जुळत नाहीत. बाहेरचा नर आला किंवा मुलीला वेगळं काढून नव्या जोडीदाराबरोबर ठेवलं, की काही आठवड्यांतच तिचं चक्र सुरू होतं.

आणि एकाच गटात दोन माद्या व्याल्या तर? रिओ ग्रांदे दो नॉर्ते राज्यात नीझिया फ्लोरेस्टा इथल्या जंगलात एका मादीने दुसरीचं पिल्लू मारल्याच्या नोंदी 1990 च्या दशकात झाल्या. पिल्लं वाहणारे हात मोजकेच असतात आणि दोन विणी एकदम आल्या की ते पुरत नाहीत. पिंजऱ्यात मोठ्या झालेल्या मुलीजवळ परका नर ठेवून 'मोठं कुटुंब' करायला जाणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

एक वेगळी गोष्ट इथेच सांगून टाकतो, कारण ती फार विलक्षण आहे. पोटात असताना जुळ्यांच्या वारेतल्या रक्तवाहिन्या एकमेकींना जोडल्या जातात आणि रक्तपेशी तयार करणाऱ्या पेशींची देवाणघेवाण होते. त्यामुळे प्रौढ मार्मोसेटच्या रक्ताचा नमुना घेतला तर त्यात त्याच्या जुळ्या भावंडाच्या पेशीही असतात. गायीच्या जुळ्या वासरांत गोऱ्ह्याबरोबर जन्मलेली कालवड बहुतेक वेळा वांझ निघते, ती याच कारणाने. मार्मोसेटमध्ये मात्र भावाबरोबर जन्मलेली बहीण व्यवस्थित विते. व्यवहारातला मुद्दा: नातं ठरवण्यासाठी डीएनए तपासायचा असेल तर रक्त चालत नाही, केसांची मुळं वापरावीत.

आता शिट्टीकडे येतो. मार्मोसेटचा दिवस आवाजांत जातो. जवळ असताना बारीक थरथरता आवाज, धोका दिसला की तुटक 'त्सिक', आणि एकमेकांना दिसेनासं झालं की लांब, उंच शिट्टी, जिला अभ्यासक 'फी' म्हणतात. ही शिट्टी म्हणजे हाक आहे आणि तिला उत्तराची जागा ठेवलेली असते. 2013 मध्ये अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी मोजलं, की दोन मार्मोसेट पाळीपाळीने बोलतात. एकाची शिट्टी संपली की दुसरं साधारण पाच सेकंद थांबून उत्तर देतं, मधे तोंड घालत नाही. पिल्लांचं रडणं पक्क्या शिट्टीत लवकर बदलतं ते आई-बापांनी उत्तर दिल्यामुळे, हे त्याच प्रयोगशाळेने 2015 मध्ये दाखवलं. 2024 मध्ये जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठातून आलेला अभ्यास तर सांगतो, की समोरचा कोण आहे त्यानुसार ते शिट्टीत फरक करतात, जणू नावाने हाक मारतात, आणि एका कुटुंबातल्यांची ही पद्धत आपसांत जुळते.

म्हणजे तुमच्या ओळखीच्या घरातली मादी तीन वर्षं हाक मारते आहे, पाच सेकंद थांबते आहे आणि पुन्हा हाक मारते आहे. माणसाने शिट्टी वाजवून उत्तर दिलं तर ती क्षणभर गप्प होईल, पण कुटुंबातलं बाकीचं काहीच त्यातून मिळत नाही: रात्री दहा-बारा तास एकमेकांना बिलगून झोपणं, दुपारी केस विंचरून घेणं, वाहायला पिल्लू. 2007 मध्ये झ्युरिकमध्ये झालेल्या प्रयोगात मार्मोसेटनी स्वतःला काही मिळत नसतानाही शेजारच्याकडे खाऊ सरकवला. अशा प्राण्याला एकटं ठेवण्याचं समर्थन मला कुठल्याच कारणाने करता येत नाही.

चावण्याचं कारणही इथेच आहे. दीड-दोन वर्षांत मार्मोसेट प्रौढ होतं. बाटलीवर वाढलेली मादी माणसांना आपलं कुटुंब समजते, आणि प्रौढ मादी आपल्या कुटुंबात प्रतिस्पर्धी वाटणारी मादी सहन करत नाही. म्हणून बऱ्याचदा ती घरातल्या एकाच माणसाला बिलगते आणि दुसऱ्यावर धावते. चावण्याआधीच्या खुणा ठरलेल्या आहेत: अंगावरचे केस फुलवून, पाठ कमानीसारखी करून चालणं, टक लावून बघणं, कानाचे झुपके मागे चपटे करणं, शेपूट उचलून पार्श्वभाग दाखवणं, फांदीवर गुप्तांग घासून वास लावणं. शेपूट उचलण्याला लोक लाडिकपणा समजतात आणि हात पुढे करतात. तो इशारा असतो. अशा वेळी शिक्षा करू नका, नजर वळवून दूर व्हा.

जोडीदार आणावा का? आणावा, पण आधी तीन गोष्टी. पहिली, नर कायदेशीर आणि नोंद असलेला हवा. दुसरी, पिल्लांची सोय नसेल तर नराची नसबंदी आधी करून घ्यावी. ती झाल्यावरही काही आठवडे त्याच्यापासून मादी गाभण राहू शकते, हे विसरू नये. नसबंदीने त्याचं जोडीदारासारखं वागणं कमी होत नाही. तिसरी, नवा प्राणी किमान 30 दिवस वेगळ्या खोलीत, शौचाच्या तपासण्यांसह. एकाच लिंगाचे दोन अनोळखी प्रौढ एकत्र आणण्याचा विचारही करू नये, ते जिवावर उठतात.

ओळख करून देताना दोन पिंजरे शेजारी ठेवा, पण जाळ्यांमध्ये चार-पाच बोटांचं अंतर सोडा. जाळीला जाळी भिडवली तर बोटं आणि शेपटीची टोकं चावली जातात. पहिले दोन-तीन दिवस ती वास लावतील, जिभा बाहेर काढतील, केस फुलवतील. तेवढ्याने घाबरू नका. जाळीजवळ शांत बसणं, एकाच वेळी खाणं, थरथरता आवाज, ही हिरवी खूण. मग दोघांनाही नव्या असलेल्या पिंजऱ्यात सकाळी, पोटं भरलेली असताना सोडा, म्हणजे दिवसभर लक्ष ठेवता येतं. खाण्याच्या वाट्या दोन, झोपायच्या पेट्या दोन, आणि पळायला प्रत्येक वाट दोन्ही टोकांनी उघडी. कोपऱ्यात अडकलेल्यालाच जास्त इजा होते. पाठलाग थांबत नसेल, एकजण खाली जमिनीजवळ बसून राहत असेल किंवा रक्त दिसलं तर लगेच वेगळं करा आणि काही दिवसांनी पुन्हा शेजारी ठेवण्यापासून सुरू करा. एका पेटीत झोपायला लागली की काम झालं.

बाटलीवर वाढलेल्या मादीच्या बाबतीत हे लांबू शकतं, कारण माणूस खोलीत असेपर्यंत ती नराकडे बघतच नाही. माणसाने दिवसातला सहवास टप्प्याटप्प्याने कमी करायला हवा, आणि हा भाग माकडापेक्षा माणसाला जड जातो. तिच्यावर पिल्लांची जबाबदारी मात्र टाकू नये. ज्यांनी धाकटी भावंडं कधी पाठीवर घेतलेली नाहीत असे आई-बाप पहिल्या विणी बऱ्याचदा गमावतात. म्हणूनच चांगल्या संस्था पिल्लाला आई-बापांजवळ पुढच्या एक-दोन विणी होईपर्यंत ठेवतात, आणि युरोपीय संघाच्या 2010 च्या निर्देशातही आईपासून 8 महिन्यांच्या आत तोडू नये असं आहे. बाजारात दोन-चार आठवड्यांचं पिल्लू 'हाताळलेलं' म्हणून विकलं जातं, तेव्हा त्याचं हेच शिक्षण काढून घेतलेलं असतं.

कुटुंब सांभाळणाऱ्यांकडून होणारी सगळ्यात महागडी चूक म्हणजे उपचारासाठी एकाला आठवडाभर बाहेर काढणं. परत आल्यावर त्याची जागा भरलेली असते, अंगाला औषधाचा वास असतो आणि घरचेच त्याच्यावर तुटून पडतात. शक्य तेवढे उपचार त्याच दिवशी करून परत सोडा. ठेवावंच लागलं तर सोबत कुटुंबातला एकजण ठेवा आणि बाकीच्यांना आवाज ऐकू येईल अशा जागी ठेवा. साफसफाईचंही असंच. सगळ्या फांद्या आणि पेट्या एकाच दिवशी जंतुनाशकाने धुतल्या तर कुटुंबाने लावलेले सगळे वास जातात आणि दिवसभर सगळे अस्वस्थ असतात. अर्धं आज, अर्धं पुढच्या आठवड्यात. पिंजऱ्यातल्या चांगल्या खाल्ल्या-प्यायल्या माद्यांना तिळीही होतात. स्तनं दोनच, त्यामुळे तिसरं क्वचितच जगतं.

पिंजऱ्याच्या बाबतीत उंची महत्त्वाची. त्याच युरोपीय निर्देशात प्रयोगशाळेतल्या जोडीसाठी किमान दीड मीटर उंची आणि पिंजऱ्याचा वरचा भाग जमिनीपासून 1.8 मीटरवर असं सांगितलं आहे. ही किमान मर्यादा आहे. घरी याच्या कितीतरी पट मोठी जागा हवी. माणूस वरून वाकून बघतो तेव्हा मार्मोसेटला शिकारी पक्षी आठवतो.

खाण्यात डिंक हवाच. बाभळीच्या जातीचा साधा खाण्याचा डिंक कोमट पाण्यात भिजवून घट्टसर करा आणि फांदीला बारीक भोकं पाडून त्यात भरा. रोज बदला, आंबतो. यामुळे त्यांचा वेळही जातो. किड्यांमध्ये फॉस्फरस जास्त आणि कॅल्शियम कमी असतं, डिंकात कॅल्शियम असतं. रानात हा तोल असाच साधतो. केळी-द्राक्षांचा मारा केला तर जुलाब होतात, वजन उतरतं. अमेरिका खंडांतल्या माकडांना जीवनसत्त्व डी हे डी-3 याच रूपात लागतं, तेही भरपूर. ते नाही मिळालं तर हाडं मऊ पडतात: आधी उड्या कमी होतात, मग प्राणी पाय ओढत फक्त हातांनी चढतो. खिडकीच्या काचेतून आलेल्या उन्हाचा उपयोग नाही, लागणारे किरण काच अडवते. रोज थोडा वेळ जाळीतून थेट ऊन द्या, सोबत सावलीचा कोपरा. घरातली झुरळं खाऊ देऊ नका, त्यांच्यातून आतड्याचे घातक कृमी येतात. उंदरांची पिल्लंही नकोत, त्यांच्यातल्या विषाणूने यकृताचा जीवघेणा दाह होतो.

आणि माणसाच्या ओठावर येणारे पाण्याचे बारीक फोड. तो हर्पीसचा विषाणू आपल्याला चार दिवस त्रास देतो, मार्मोसेटला मात्र तोंडात व्रण, झटके आणि थोड्याच दिवसांत मृत्यू. ब्राझीलमध्ये शहरांलगतची मोकळी मार्मोसेटही माणसांकडून आलेल्या या विषाणूने मेली आहेत. फोड असलेल्या माणसाने त्या खोलीत जायचं नाही, उष्टं कधीच द्यायचं नाही, मुका तर नाहीच. उलट दिशेनेही धोका आहे: सेआरा राज्यात मार्मोसेटच्या चाव्यातून रेबीज होऊन माणसं दगावल्याच्या नोंदी 1990 च्या दशकापासून आहेत. कुठून आलं ते माहीत नसलेलं माकड चावलं तर जखम साबणाने 15 मिनिटं धुऊन डॉक्टरांकडे जा.

कायद्याचं थोडक्यात. ही जात साइट्सच्या, म्हणजे वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, दुसऱ्या परिशिष्टात आहे. वन्यजीव संरक्षण कायद्यातली 2022 ची दुरुस्ती 1 एप्रिल 2023 पासून लागू झाली आणि अशा परदेशी जाती चौथ्या अनुसूचीत आल्या. 28 फेब्रुवारी 2024 च्या नियमांनुसार असा प्राणी जवळ असेल तर परिवेश 2.0 या संकेतस्थळावर नोंदवणं बंधनकारक झालं, त्यासाठी सहा महिन्यांची मुदत होती. तुमच्या ओळखीच्यांनी नोंद केलेली नसेल तर नर शोधायच्या आधी वनविभागाच्या वन्यजीव शाखेशी बोलावं. तिथून मादी एखाद्या मान्यताप्राप्त प्राणिसंग्रहालयात, तिच्याच जातीच्या सोबतीत जाऊ शकली तर ते तिच्यासाठी घरच्या कुठल्याही सोयीपेक्षा चांगलं.

एक मात्र करू नये: कंटाळून तिला बाहेर सोडू नये. ब्राझीलमध्येच पाळलेली मार्मोसेट रिओ आणि साओ पावलोच्या जंगलांत सोडली गेली, ती तिथे वाढली आणि स्थानिक, आधीच संकटात असलेल्या कॅलिथ्रिक्स ऑरिटा या जातीशी त्यांचा संकर होऊ लागला. आपल्याकडे सुटलेली एकटी मादी कुत्री, मांजरी, कावळे आणि घारी यांच्यात फार काळ टिकणार नाही.